छावणीचं मस्टर

अमेरिकेत उत्तर आणि दक्षिणेचं यादवी युद्ध सुरू होतं. २३ मे १८६१ च्या रात्री व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर तीन माणसं एका होडीत बसली आणि हॅम्पटन रोड्स नावाच्या खाडीचं पाणी ओलांडून पलीकडे गेली. फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड. तिघंही चार्ल्स मॅलरी नावाच्या कर्नलचे गुलाम. दक्षिणेच्या फौजेसाठी तोफांचा मोर्चा बांधायला त्याने त्यांना जुंपलं होतं, आणि आता बायकामुलांपासून तोडून नॉर्थ कॅरोलायनाला धाडायचं घाटत होतं. समोर फोर्ट मन्रो होता. गुलामगिरी पाळणाऱ्या दक्षिणेच्या राज्यांबरोबर व्हर्जिनियाही संघराज्यातून फुटून निघालं तरी हा दगडी किल्ला उत्तरेच्या हातात राहिला होता. तिथे आपल्याला ठेवून घेतील की बेड्या घालून परत पाठवतील, हे त्या तिघांना कळायला काही मार्ग नव्हता. हे युद्ध गुलामगिरी मोडण्यासाठी नाही, असंच लिंकन तेव्हा सांगत होते. पळालेला गुलाम मालकाला परत द्या म्हणणारा १८५० चा कायदाही जागेवर होता. तरी ते गेले.

किल्ल्याचा सेनापती बेंजामिन बटलर आदल्याच दिवशी रुजू झालेला. मूळचा मॅसॅच्युसेट्समधला नावाजलेला वकील. दुसऱ्या दिवशी मालकाच्या वतीने मेजर केरी पांढरं निशाण घेऊन आला आणि कायद्यावर बोट ठेवून तिघांना परत मागू लागला. बटलर म्हणाला, तुमचं राज्य स्वतःला परका देश म्हणवतं, मग माझ्या देशाचा कायदा तुम्हाला कसा लागू? मालकाने संघराज्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी आणि माणसं घेऊन जावीत. तोवर, शत्रूच्या युद्धाला उपयोगी पडणारा माल जसा जप्त करतात, तशी ही माणसं जप्त. म्हणजे तिघं वाचले ते मालमत्ता म्हणूनच. त्यांना माणूस म्हणायला कायदा अजून धजत नव्हता.

बटलरच्या मनात दया किती होती आणि वकिली किती, ह्यावर अमेरिकेत भरपूर लिहिलं गेलंय. मला मात्र त्यापुढची एक बारीकशी गोष्ट सोडत नाही. किल्ल्यात फौज वाढत होती, रोज शेकडो पाव भाजायचे होते आणि त्यासाठी नवी भट्टीघरं बांधायला घेतली होती. ह्या तिघांना गवंड्यांच्या हाताखाली तिथे लावण्यात आलं. काल तोफांचा मोर्चा, आज पावाची भट्टी. काम तेच, विटा उचलायच्या आणि चुना कालवायचा. त्यांच्या स्वातंत्र्याचा पहिला दिवस असा बिगारीतच गेला.

अमेरिकन यादवी युद्धाबद्दल आपण शाळेत जे शिकतो त्यात लिंकनची घोषणा असते, गेटिसबर्ग असतं, फार तर काळ्या सैनिकांच्या पलटणी असतात. छावणीत राबणारी ही माणसं त्यात कुठे दिसत नाहीत. खरं तर ह्याची सवय आपल्यालाही आहे. पानिपतावर बोलायला बसलं की कोणी तरी बाजारबुणग्यांना शिव्या घालतोच. त्या लोकांनी फौजेचं दळण दळलं, घोड्यांचा चारा कापला, जखमींना पाणी पाजलं, आणि शेवटी पराभवाचं खापर मात्र त्यांच्याच डोक्यावर. लढणाऱ्यांच्या मागे राबणाऱ्यांचा इतिहास लिहायचा तर तो रसदीच्या वहीतून शोधून काढावा लागतो.

त्या तिघांची बातमी वाऱ्यासारखी पसरली. रविवारी आणखी आठ जण आले. सोमवारी सत्तेचाळीस. त्यात एकटे धट्टेकट्टे पुरुष नव्हते, आख्खी कुटुंबं होती, अंगावर पिणारी लेकरं होती, थकलेली म्हातारी माणसं होती. आणि इथे बटलरचा युक्तिवाद अडकला. तोफेचा मोर्चा बांधणारा गडी युद्धाचा माल म्हणून जप्त करता येईल, पण तीन महिन्यांचं तान्हं बाळ कोणत्या कलमात बसवायचं? त्याने वॉशिंग्टनला पत्र लिहून नेमका हाच प्रश्न विचारला आणि माणुसकीचा विचार करता ह्या आयांना नि पोरांना मी हाकलू शकत नाही असंही कळवलं. ह्या प्रश्नाचं नीट उत्तर पुढची चार वर्षं कोणत्याच सेनापतीने दिलं नाही. युद्ध संपेपर्यंत सुमारे पाच लाख माणसं अशी चालत, पोहत, होड्यांतून, बैलगाड्यांवरून उत्तरेच्या फौजांपाशी येऊन पोहोचली. फौजेला त्यांतले हात तेवढे हवे होते. ती माणसं मात्र येताना आपलं सगळं घरदार बरोबर घेऊन येत होती.

हात कशाकशाला लागत होते? खंदक खणायला. बोटींतून कोळसा, दारूगोळा, पिठाची पिंपं उतरवायला. खेचरांच्या गाड्या हाकायला, रेल्वेचे रूळ टाकायला, आगबोटींसाठी लाकूड तोडायला. स्वयंपाक, इस्पितळातली झाडलोट, आणि मेलेल्यांना पुरणं. बायकांकडे मुख्यतः धुणं. छावणीतलं धुणं म्हणजे पाणी वाहून आणायचं, सरपण फोडायचं, लोखंडी हंड्यात लोकरीचे जाड डगले उकळायचे. रक्त, जुलाब आणि उवांनी भरलेले कपडे. रोग सैनिकाच्या अंगावरून धुणाऱ्या बाईच्या हातावर यायला कितीसा वेळ लागणार?

आता पगाराचं. फोर्ट मन्रोला बटलरनंतर आलेल्या जनरल वूलने १८६१ च्या शरद ऋतूत दर ठरवून दिले. धडधाकट पुरुषाला महिना दहा डॉलर, मोठ्या मुलांना आणि अशक्तांना पाच. ऐकायला बरं वाटतं. पण त्यातले रोख हातात पडायचे दोन. बाकीची रक्कम कामकरी नसलेल्या बायका, मुलं, म्हाताऱ्यांच्या पोटापाण्यासाठी म्हणून लष्कराचा कोठीवाला ठेवून घेणार. गोऱ्या मजुराच्या पगारातून गावातल्या विधवांचा शिधा कोणी कापला नसता. ज्यांना आयुष्यभर फुकट राबवून घेतलं, त्यांच्याच पहिल्या पगारातून त्यांच्या सगळ्या समाजाच्या पोषणाचा खर्च वसूल करायचा, हा हिशेब मला कितीही वेळा वाचला तरी पचत नाही. बरं, कापलेला पैसा तरी नीट पोहोचला का? पुढे चौकशी झाली तेव्हा थकलेले पगार आणि मधल्या मध्ये गडप झालेला शिधा उघडकीला आला.

जुलै १८६२ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदाच केला. काळ्या माणसाला लष्करी कामाचे दहा डॉलर, त्यातले तीन कपड्यांच्या रूपात. गोऱ्या शिपायाला तेरा, आणि कपड्यांचा भत्ता वेगळा. पुढे काळ्या पलटणी उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनाही हाच मजुरीचा दर लावला गेला. चोपन्नाव्या मॅसॅच्युसेट्स पलटणीतल्या जेम्स हेन्री गुडिंग नावाच्या शिपायाने सप्टेंबर १८६३ मध्ये थेट लिंकनना पत्र लिहून विचारलं, आम्ही सैनिक आहोत की मजूर? ह्या पलटणीने अर्धामुर्धा पगार घ्यायचा नाकारला आणि महिनोन्‌महिने बिनपगारी लढली. जून १८६४ मध्ये समान पगाराचा कायदा झाला. गुडिंग तोवर दक्षिणेच्या अँडरसनव्हिलच्या तुरुंगात होता, पुढच्याच महिन्यात तो तिथे वारला. शिपायांना निदान नकार देता आला, त्यांच्या नकाराची बातमी झाली. खंदक खणणाऱ्याने पगार नाकारला तर बातमी कसली, त्या दिवशीचं जेवण बंद.

नॅशव्हिलचा फोर्ट नेग्ली हे ह्याचं सगळ्यात उघडंवाघडं उदाहरण. १८६२ मध्ये उत्तरेच्या फौजेने शहर घेतल्यावर टेकडीवर किल्ला बांधायला काढला. मजूर कमी पडले की घोडेस्वार शहरात शिरायचे, रस्त्यावरून, अगदी चर्चमधूनही काळ्या माणसांना धरून न्यायचे. त्यात पळून आलेले गुलाम होते तसे जन्माने स्वतंत्र असलेलेही होते. पकडणाऱ्याने फरक केला नाही. सत्तावीसशेहून जास्त माणसांची नावं मस्टरवर चढली. उघड्यावर झोपणं, अपुरं अन्न, डोंगराचा दगड फोडणं. सहाशे ते आठशे माणसं ह्या कामात मेली असा अंदाज केला जातो. आणि पगार मिळाल्याची नोंद आहे ती ३१० जणांची.

म्हणून ह्या छावण्यांना स्वातंत्र्याचं दार म्हणताना माझी जीभ अडते. पण उलटंही म्हणवत नाही. मालकाकडे परत जाणं सोपं होतं, रस्ता माहीत होता, आणि तरी लोक येतच राहिले. फोर्ट मन्रोशेजारचं हॅम्पटन गाव दक्षिणेच्याच फौजेने ऑगस्ट १८६१ मध्ये जाळून टाकलं होतं. जळक्या घरांच्या चिमण्या तेवढ्या उभ्या होत्या. ह्या लोकांनी त्या चिमण्यांना टेकवून फळ्यांच्या झोपड्या उठवल्या आणि वस्ती वसवली. तिथे एका ओकच्या झाडाखाली मेरी पीक ह्या स्वतंत्र काळ्या बाईने पोरांना वाचायला शिकवायला सुरुवात केली, दिवसा मुलांना आणि रात्री मोठ्यांना. व्हर्जिनियात गुलामांना शिकवणं आजवर गुन्हा होता. तिला क्षय होता, अंथरुणाला खिळल्यावरही ती शिकवत राहिली आणि फेब्रुवारी १८६२ मध्ये गेली. ते झाड अजून उभं आहे. मिसिसिपीतल्या कॉरिंथच्या छावणीत तर लोकांनी रस्ते आखले, घरं, चर्च, शाळा, इस्पितळ बांधलं, कापूस आणि भाजीपाला पिकवून छावणी नफ्यात आणली. मग फौजेचे डावपेच बदलले, फौज हलली, आणि १८६३ च्या अखेरीस सगळ्यांना उचलून मेम्फिसला नेलं. पिकत्या शेतासकट गाव मोडलं.

केंटकीतल्या कँप नेल्सनबद्दल मला जरा थांबून लिहायचं आहे.

केंटकी हे गुलामगिरी पाळणारं राज्य, पण संघराज्यातून फुटलं नव्हतं. लिंकनची १ जानेवारी १८६३ ची मुक्तीची घोषणा फुटलेल्या राज्यांपुरतीच होती, त्यामुळे ती तिथे लागूच नव्हती. गुलाम फौजेत भरती झाला तर तो स्वतंत्र, त्याची बायकामुलं मात्र मालकाचीच. जोसेफ मिलर ऑक्टोबर १८६४ मध्ये भरती व्हायला निघाला तेव्हा मालकाने सांगितलं, तू गेलास तर तुझ्या कुटुंबाला मी पोसणार नाही. म्हणून तो बायको आणि चार मुलांना घेऊनच छावणीत आला. त्याला भरती करून घेतलं, कुटुंबाला एक तंबू मिळाला.

नोव्हेंबरच्या बावीस तारखेला संध्याकाळी घोडेस्वार पहारेकरी तंबूशी आला आणि सकाळी तंबू रिकामा करा म्हणाला. छावणीचा जनरल स्पीड फ्राय ह्याचा हुकूम होता. बायका नि मुलं कामाची नाहीत, फौजेला भार आहेत, त्यांना हद्दीबाहेर काढा. त्या रात्री कडाक्याची थंडी पडली होती. सकाळी आठाच्या सुमाराला गाडी आली. मिलरचा सातेक वर्षांचा मुलगा फार आजारी होता. मिलरने सांगितलं, ह्याला ह्या थंडीत बाहेर काढलंत तर तो मरेल. सांगितलं की माझ्या बायकोला जायला जागा नाही. सांगितलं की मी अमेरिकेचा सैनिक आहे. पहारेकऱ्याने उत्तर दिलं, गाडीत चढले नाहीत तर सगळ्यांना गोळ्या घालीन. बायको पोराला कडेवर घेऊन गाडीत चढली.

रात्री मिलर शोधत निघाला. सहा मैलांवर निकलसव्हिलला काळ्या लोकांच्या एका जुन्या प्रार्थनाघरात त्याला कुटुंब सापडलं. तिथे एकच शेकोटी होती आणि भोवती इतकी दाटी की त्याच्या पोरांना जवळ जाता येत नव्हतं. मुलगा गाडीतून उतरवल्या उतरवल्याच गेला होता. मिलरला रात्रीच छावणीत हजर व्हायचं होतं, म्हणून तो सहा मैल परत चालत आला. सकाळी पुन्हा चालत गेला, स्वतः खड्डा खणला आणि मुलाला पुरलं.

हे सगळं त्याने २६ नोव्हेंबरला शपथेवर सांगितलं आणि ते लिहून घेतलं गेलं. जबानी छोटी आहे. त्यात आक्रोश नाही, शिव्याशाप नाहीत. गेलो, सांगितलं, चाललो, पुरलं. कुटुंब अजून त्या प्रार्थनाघरातच आहे, एवढं सांगून ती संपते. ती पहिल्यांदा वाचली तेव्हा त्यातलं बारा मैलांचं गणित मला सगळ्यात जास्त लागलं. जबानीत तो स्वतःच सांगतो, जाऊन येऊन बारा मैल चाललो. लेकाच्या मरणाच्या कहाणीत मैल मोजणारा हा माणूस मला कोरडा वाटत नाही. समोर बसलेल्या अधिकाऱ्याला कळेल अशा भाषेत तो बोलतोय. अंतर, वेळ, हवामान, हुकूम कोणाचा. खटल्यात टिकेल असा पुरावा तो देतोय. आयुष्यभर ज्याच्या शब्दाला न्यायालयात किंमत नव्हती, अशा माणसाने दिलेली ही साक्ष आहे.

सुमारे चारशे बायका आणि मुलं त्या आठवड्यात बाहेर काढली गेली, त्यांच्या झोपड्या पाडल्या गेल्या. त्यांतली १०२ दगावली. मिलरच्या जबानीसारख्या जबान्या वर्तमानपत्रांत पोहोचल्या, बोभाटा झाला, हुकूम मागे घ्यावा लागला आणि छावणीत निर्वासितांसाठी घरं बांधली गेली. ३ मार्च १८६५ ला काँग्रेसने काळ्या सैनिकांच्या बायकामुलांना स्वतंत्र करणारा कायदा केला. बटलरने चार वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर, एवढी किंमत मोजून आलेलं. जोसेफ मिलर ते ऐकायला नव्हता. त्याची बायको आणि उरलेली मुलं थोड्याच आठवड्यांत एकामागून एक गेली, आणि जानेवारीच्या सुरुवातीला तोही गेला.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, काळ्या गुलामांना मुक्त करण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थी त्यागासाठी. युद्ध संपून अवघी आठ वर्षं झाली होती. पुण्यात बसून इतक्या लांबच्या लढ्याशी आपल्या शूद्रातिशूद्रांचं नातं जोडणारी ती नजर मला आजही थक्क करते. त्याच युद्धाच्या काळात अमेरिकेचा कापूस अडला म्हणून मुंबईच्या कापूसबाजारात पैसा वाहत होता आणि १८६५ ला युद्ध संपताच तो बाजार कोसळला, एवढाच त्या युद्धाचा अर्थ इथल्या बहुतेकांना लागला होता. फुल्यांना त्यात माणसं दिसली. ती अर्पणपत्रिका वाचताना मी मनातल्या मनात त्या सज्जनांच्या ओळीत आणखी काही जणांना बसवते, होडीतल्या त्या तिघांना, मेरी पीकला, जोसेफ मिलरला. फुल्यांनी ते आनंदाने मान्य केलं असतं, ह्याबद्दल मला शंका नाही. स्वतःची सुटका स्वतः करणाऱ्या माणसाची किंमत त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक होती?

एप्रिल १८६५ मधला जॉन रीकीने काढलेला एक फोटो आहे. कोल्ड हार्बरची लढाई होऊन दहा महिने झालेत. सैनिकांचे सांगाडे अजून शेतात पडलेत आणि ते गोळा करायचं काम काळ्या मजुरांकडे आहे. मागे चौघं खाली वाकून फावडी चालवताहेत. पुढे एक जण बसलाय, शेजारी स्ट्रेचर, त्यावर कवट्या आणि एक बूट घातलेला पाय. तो थेट कॅमेऱ्याकडे बघतोय. ह्या लढाईतले सेनापती कोण, हे एका मिनिटात सांगता येतं. ह्याचं नाव फोटोखाली नाही.

बायकांपैकी हॅरिएट टबमनचं, स्वतः गुलामीतून पळून इतरांनाही सोडवणाऱ्या बाईचं, नाव सगळ्यांना माहीत असतं. ती १८६२ मध्ये साउथ कॅरोलायनात छावणीत पोहोचली, आजाऱ्यांना मुळ्यापाल्याचे काढे दिले, हेरगिरी केली, आणि जून १८६३ मध्ये कंबाही नदीवरच्या मोहिमेत सातशेहून जास्त गुलामांना सोडवून आणायला फौजेला वाट दाखवली. हे सगळं करताना पोटासाठी ती रात्री ‘पाय’ नावाचा भट्टीत भाजलेला गोड पदार्थ आणि रूट बीअर हे पेय करून विकायची, कारण लष्कराचा शिधा घेतला तर इतर निर्वासितांना ते पक्षपाताचं वाटे, म्हणून तिने तो सोडून दिला होता. पुढे कित्येक दशकं ती सरकारकडे आपल्या कामाचे पैसे मागत राहिली. १८९९ मध्ये पेन्शन महिना वीस डॉलर झालं, त्यात तिचा हिशेब नर्स म्हणून धरला होता. हेरगिरीचा नाही.

सूझी किंग टेलर तेवढी ठाऊक नसते. जॉर्जियात गुलामीत जन्मली, सव्हॅनामध्ये चोरून शिकली, पुस्तकं कागदात गुंडाळून शाळेत न्यायची म्हणजे वाटेत पोलिसाला कळू नये. १८६२ मध्ये काकांबरोबर उत्तरेच्या फौजेकडे पळाली आणि चौदाव्या वर्षी सेंट सायमन्स बेटावर मुलांना शिकवू लागली. मग काळ्या सैनिकांच्या पहिल्या पलटणींपैकी एकीत धोबीण म्हणून नाव लागलं. नाव धोबिणीचं, काम सगळंच. शिपायांना लिहायला-वाचायला शिकवलं, बंदुका साफ केल्या, देवीच्या रुग्णाची सेवा केली. एकदा जखमींना द्यायला बेचव शिध्यापलीकडे काही नव्हतं. तिच्याजवळ आटवलेल्या दुधाचे डबे होते आणि कासवाची अंडी मिळाली. तिने त्याचं कस्टर्ड केलं आणि पोरांना खायला घातलं. चार वर्षं आणि तीन महिने हे काम केलं, एक डॉलरही न घेता. हे तिने स्वतः १९०२ मध्ये छापलेल्या आठवणींत लिहिलंय.

नर्सच्या पेन्शनचा कायदा आला तेव्हा तिला ते मिळालं नाही, मस्टरवर ती धोबीण होती. पण तोवर ती बॉस्टनला स्थायिक झाली होती. १८८६ मध्ये माजी सैनिकांसाठी काम करणाऱ्या बायकांच्या संघटनेची शाखा उभी करण्यात ती पुढे होती, नंतर तिची अध्यक्षही झाली. १८९६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये राहणाऱ्या उत्तरेच्या सगळ्या माजी सैनिकांची यादी करायची ठरली, तेव्हा त्यांची नावं गोळा करणाऱ्यांत तीही होती.